पॉइंट चार्जमधलं विद्युत बल कसं काढायचं (कूलॉमचा नियम)

दोन विद्युत चार्ज एकमेकांना किती जोराने ढकलतात किंवा ओढतात हे काढायचं गणित म्हणजे कूलॉमचा नियम. ज्या वस्तूवर चार्ज आहे तिचा आकार मधल्या अंतरापुढे अगदीच नगण्य असेल तर त्याला पॉइंट चार्ज म्हणतात, म्हणजे चार्ज एका बिंदूवर गोळा झालाय असं धरायचं. १२ वीच्या फिजिक्सचा हा पहिलाच धडा, आणि इंदूरला रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर इकडच्या घरांतली भंवरकुआंच्या कोचिंगला जाणारी मुलं जूनपासून याचीच गणितं करत असतात, घरी विचारतात मराठीत, शाळेत हिंदी मीडियम असेल तर आवेश नि बल, आणि कोचिंगला सगळं इंग्रजी.

नियम असा: बल हे दोन्ही चार्जच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणजे बल = के × पहिला चार्ज × दुसरा चार्ज ÷ अंतराचा वर्ग, के हा ठरलेला स्थिरांक. हवेत किंवा निर्वातात के ची किंमत साधारण ९ × १० चा ९ वा घात धरतात (न्यूटन मीटर वर्ग प्रति कूलॉम वर्ग; न्यूटन हे बलाचं एकक, कूलॉम हे चार्जचं). बलाची दिशा दोन चार्जना जोडणाऱ्या रेषेवरच असते, सारखे चार्ज ढकलतात, विरुद्ध चार्ज ओढतात, आणि दोघांवरचं बल नेहमी सारखंच, चार्ज लहानमोठे असले तरी. हे शेवटचं पुष्कळांना पटत नाही, मोठा चार्ज जास्त जोराने ओढत असेल असं वाटतं, पण गुणाकारात दोघेही आहेत ना, त्यामुळे कोण कोणावर बल लावतंय याने आकडा बदलत नाही.

वर्गाचा हा नियम चार्ल्स कूलॉम या फ्रेंच इंजिनियरने १७८५ मध्ये मोजून दाखवला, आणि तो कसा दाखवला ते बघण्यासारखं आहे. एका बारीक चांदीच्या तारेला आडवी काडी टांगलेली, काडीच्या टोकाला छोटी गोळी, तिच्याजवळ तशीच दुसरी गोळी पक्की बसवलेली. दोन्ही गोळ्यांना सारखा चार्ज दिला की टांगलेली गोळी लांब सरकते आणि तार पिळली जाते, तो पीळ म्हणजेच बलाचं माप. पहिल्यांदा गोळ्या ३६ अंशावर थांबल्या, म्हणजे पीळही ३६ अंश. मग वरून तार पिळून त्याने त्यांना १८ अंशावर आणलं, तेव्हा एकूण पीळ १४४ अंश झाला, म्हणजे अंतर निम्मं आणि बल चौपट. अजून पिळून ८.५ अंशावर आणलं तर पीळ ५७५.५ अंश, म्हणजे जवळजवळ १६ पट. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याच्याआधीच हे दुसऱ्या पद्धतीने शोधलेलं होतं पण छापलं नाही, ते जेम्स मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये बाहेर काढलं.

आता गणित. समजा +३ आणि -२ मायक्रोकूलॉमचे चार्ज ३० सेंटीमीटरवर आहेत. मायक्रो म्हणजे १० चा -६ घात, दोन वेळा आला म्हणून -१२. सेंटीमीटरचे मीटर करायचे, ०.३, आणि त्याचा वर्ग ०.०९. वर ९ × ६ × १० चा -३ घात म्हणजे ०.०५४, भागिले ०.०९, उत्तर ०.६ न्यूटन, आकर्षण. साधारण ६० ग्रॅमची वस्तू हातात धरल्यासारखं. सेंटीमीटर तसेच ठेवले तर उत्तर १०,००० पटीने चुकतं, कारण शंभराचाही वर्ग होतो.

इथे उणे चिन्हाचं काय करायचं? माझं ठाम मत आहे की चिन्ह सूत्रात घालूच नये. आधी चित्र काढा, ज्या चार्जवरचं बल हवंय त्याच्यापासून बाण काढा, दुसरा चार्ज ढकलतोय तर त्याच्यापासून दूर, ओढतोय तर त्याच्याकडे, आणि मग फक्त आकडा काढा. चिन्ह सूत्रात घातलं की उत्तरात उणे येतं, मग ते उणे म्हणजे आकर्षण की डावीकडे हे कळत नाही आणि पोरं तेच चिन्ह परत एकदा दिशेसाठी वापरतात. व्हेक्टरच्या (आकडा आणि दिशा दोन्ही असलेल्या राशीच्या) रूपात लिहिणार असाल तर चिन्हं ठेवायचीच, पण तिथे खाली अंतराचा घन येतो आणि वर अंतराचा पूर्ण व्हेक्टर, ते विसरलं तर सगळं बिघडतं.

हेच दोन चार्ज सारख्या आकाराच्या धातूच्या लहान गोळ्यांवर असतील आणि गोळ्या एकदा टेकवून परत ३० सेंटीमीटरवर ठेवल्या, तर एकूण चार्ज +१, तो अर्धा अर्धा वाटला जातो, प्रत्येकी ०.५ मायक्रोकूलॉम, आणि बल येतं ०.०२५ न्यूटन, तेही आता ढकलणारं. परीक्षेत हा प्रश्न फार आवडीचा आहे.

दोनपेक्षा जास्त चार्ज असतील तर प्रत्येक जोडीचं बल वेगळं काढायचं, जणू बाकीचे नाहीतच, आणि शेवटी व्हेक्टर बेरीज करायची. समभुज त्रिकोण घ्या, बाजू २० सेंटीमीटर, तिन्ही कोपऱ्यांत +२ मायक्रोकूलॉम. वरच्या चार्जवर खालच्या प्रत्येकाचं बल ०.९ न्यूटन, दोन्ही बाण वर आणि बाहेर, मधला कोन ६०, म्हणून एकूण १.७३ × ०.९ म्हणजे १.५६ न्यूटन, सरळ वर. आता खालचा उजवा चार्ज फक्त -२ करा. आकडे तेच, ०.९ आणि ०.९, पण एक बाण वर-उजवीकडे आणि दुसरा खाली-उजवीकडे, कोन १२०, एकूण बल ०.९ न्यूटन, आडवं, पायाला समांतर उजवीकडे. म्हणून बाण आधी काढायचे म्हटलं.

दुसरा नेहमीचा प्रश्न म्हणजे तिसरा चार्ज कुठे ठेवला तर त्याच्यावर बल शून्य. +४ आणि +१ मायक्रोकूलॉम ३० सेंटीमीटरवर असतील तर मधे, मोठ्यापासून २० सेंटीमीटरवर. +१ च्या जागी -१ असेल तर मधे कुठेच नाही, कारण मधे दोन्ही बलं एकाच दिशेला असतात, उत्तर बाहेर येतं, लहान चार्जच्या पलीकडे ३० सेंटीमीटरवर. तिसरा चार्ज किती आहे याने जागा बदलत नाही.

पाण्यात हेच बल सुमारे ८० पट कमी होतं, मीठ पाण्यात विरघळतं त्यात याचा मोठा हात आहे. अणूत मात्र हे बल प्रचंड आहे, हायड्रोजनमधे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनमधलं विद्युत बल त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण २.३ × १० चा ३९ वा घात इतक्या पट.

थंडीत इंदूरची हवा कोरडी असते तेव्हा केसातून फिरवलेला प्लास्टिकचा कंगवा कागदाचे कपटे उचलतो (पावसाळ्यात नाही जमत, दमट हवेत चार्ज टिकत नाही), पण त्याला हे सूत्र थेट लावू नका, कागदावर स्वतःचा चार्ज नसतो, कंगव्यामुळे त्याच्यातले चार्ज जरासे सरकतात, आणि कंगवाही काही बिंदू नाही. तसंच सूत्र स्थिर चार्जसाठी आहे. इंदूरच्याच राजा रामण्णा सेंटर या संशोधन केंद्रात इंडस-२ नावाच्या यंत्रात इलेक्ट्रॉनचे पुंजके २.५ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेपर्यंत नेऊन १७२.५ मीटर परिघाच्या वर्तुळात फिरवतात, ते एकमेकांना ढकलतातच, पण इतक्या वेगाला त्यांचं चुंबकीय बल उलट्या दिशेने काम करतं आणि ढकलणं जवळजवळ सगळं कापलं जातं, तिथे नुसता कूलॉमचा नियम पुरत नाही.