गाजलेला पेपर आणि उपयोगी पडलेलं संशोधन

'यांचं संशोधन फार प्रभावी आहे' असं एखाद्या संशोधकाची ओळख करून देताना म्हटलं जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, या कामामुळे कुठे तरी काही तरी बदललं असणार. एखादं औषध आलं असेल, कायदा झाला असेल, शिकवण्याची रीत सुधारली असेल. बोलणाऱ्याच्या मनात मात्र बहुतेक वेळा एक आकडा असतो. त्यांच्या पेपरांचा उल्लेख इतर पेपरांमध्ये किती वेळा झाला, तो आकडा. दोन्हींना 'इम्पॅक्ट' म्हणतात, अनुदानाच्या अर्जात दोन्ही मागतात, आणि म्हणून एक दाखवून दुसरं असल्याचा भास निर्माण करणं फार सोपं जातं. पण विद्याक्षेत्रातला प्रभाव आणि समाजावरचा प्रभाव या दोन गोष्टी वेगवेगळ्या माणसांच्या हातून घडतात, आणि त्यांचा वेगही वेगळा असतो.

सायटेशन नेमकं काय मोजतं?

पेपर लिहिताना आधीच्या ज्या कामाचा आधार घेतला त्याची नोंद द्यावी लागते. ती नोंद म्हणजे सायटेशन. या नोंदी एकत्र करून सूची करता येईल, ही कल्पना यूजीन गारफिल्ड यांनी 1955 मध्ये मांडली. एखादी कल्पना पुढे कुणी वापरली, कुणी खोडून काढली, याचा माग संशोधकांना काढता यावा हा त्यांचा हेतू होता. 1964 पासून त्यांची सायटेशन सूची निघू लागली आणि तिच्या आधारे जर्नलचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' काढला जाऊ लागला. जर्नलमध्ये आधीच्या दोन वर्षांत आलेल्या लेखांना यंदा एकूण किती सायटेशन मिळाले, त्याला लेखांच्या संख्येनं भागायचं. एवढंच गणित.

ही सरासरी जर्नलची. तिच्यात थोड्या गाजलेल्या लेखांचा वाटा मोठा असतो आणि बाकीचे त्यांच्या जिवावर मिरवतात. तरीही नेमणूक, पदोन्नती, अनुदान देताना हाच आकडा माणसाच्या नावापुढे लिहिला जाऊ लागला. मग 2005 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी व्यक्तीसाठी वेगळं माप सुचवलं, ते म्हणजे एच-इंडेक्स. तुमच्या 20 पेपरांना प्रत्येकी किमान 20 सायटेशन असतील, पण 21 पेपरांना प्रत्येकी 21 नसतील, तर तुमचा एच-इंडेक्स 20. माप बदललं, पण मोजायची वस्तू तीच राहिली. इतर संशोधकांनी तुमचं नाव किती वेळा घेतलं, हेच.

आणि नाव घेण्याची कारणं अनेक असतात. ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांनी 1951 मध्ये द्रावणातलं प्रथिनांचं प्रमाण मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. 2014 मध्ये 'नेचर' या विज्ञान जर्नलनं सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या 100 पेपरांची यादी काढली तेव्हा हा पेपर पहिला होता. तोवर त्याला तीन लाखांहून जास्त सायटेशन मिळाले होते. डीएनएची दुहेरी सर्पिलाकार रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 चा पेपर त्या शंभरात नव्हता. लाउरींची पद्धत प्रयोगशाळांमध्ये रोज लागत होती, आणि पद्धत वापरली की तिचा उल्लेख करावाच लागतो. आपला हा पेपर काही थोर नाही, असं खुद्द लाउरींनीच म्हणून ठेवलं आहे. डीएनएच्या रचनेचं उलट झालं. ती इतक्या लवकर पाठ्यपुस्तकात गेली की तिच्यासाठी मूळ पेपरचा दाखला देण्याची गरजच उरली नाही.

शिवाय सायटेशन मोजताना कौतुक आणि टीका सारखीच मोजली जाते. 1998 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांचा पेपर आला. अवघ्या 12 मुलांच्या माहितीवरून त्यात एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सूचित केला होता. 2010 मध्ये जर्नलनं तो मागे घेतला. त्याचे सायटेशन भरपूर आहेत, पण बहुतेक त्याचा निषेध किंवा खंडन करणारे. आकडा पाहणाऱ्याला हे दिसत नाही.

विषयानुसार आकडे किती बदलतात हेही अनेकदा विसरलं जातं. वैद्यकात माणसं जास्त, पेपर जास्त, संदर्भसूची लांब. गणितात सगळंच कमी आणि संथ. दोघांच्या आकड्यांची तुलना करणं हा अडाणीपणा आहे, पण समित्यांमध्ये तो राजरोस चालतो.

समाजापर्यंत पोचायला काय लागतं?

दुसऱ्या प्रकारच्या प्रभावाला असा एकच आकडा सापडत नाही. त्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत उलगडून पाहायला हवं, आणि ओआरएसइतकं, म्हणजे जुलाबात तोंडानं पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याइतकं, चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

1960 मध्ये रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञानं प्रागच्या एका परिषदेत एक कल्पना मांडली. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेतात तेव्हा त्याच्याबरोबर सोडियमही आत येतं. पुढे कॉलऱ्याच्या अभ्यासात दिसलं की जुलाब चालू असतानाही ही यंत्रणा शाबूत राहते. म्हणजे नुसतं मीठ-पाणी पाजून भागत नाही, त्यात ग्लुकोज हवं, मग पाणीही शोषलं जातं. 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांवर हे दाखवून दिलं. पेपर झाले, सायटेशन मिळू लागले, आणि डॉक्टर शिरेतून सलाइन देत राहिले. तोंडानं पाजायचं पाणी हा तात्पुरता, गरिबाघरचा उपाय वाटत होता.

1971 मध्ये बांगलादेश युद्धाचे निर्वासित लाखोंनी सीमेवर आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तिथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची मिश्रणं तयार करवून घेतली आणि पाण्यात विरघळवून ती पाजायचं काम थेट रुग्णांच्या नातेवाइकांकडे सोपवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. यात आतड्याबद्दल नवं ज्ञान काहीच नव्हतं. नवं होतं ते एवढंच, की डॉक्टर नसलेला माणूसही हे करू शकतो. माझ्या मते समाजाच्या दृष्टीनं सगळ्यांत मोठा शोध हाच होता.

तरी काम संपलं नव्हतंच. जागतिक आरोग्य संघटनेनं पद्धत स्वीकारली, पण घराघरात ती पोचवायची कोणी? बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या 1980 ते 1990 या दशकात 1 कोटी 20 लाखांहून अधिक घरांत गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि मोजून पाणी हे मिश्रण आयांना शिकवलं. त्यांचं मानधन किती घरं फिरल्या यावर ठरत नव्हतं. आईला नंतर काय आठवतं आणि ती मिश्रण बरोबर करते का, यावर ठरत होतं. माझा या संस्थेशी काही संबंध नाही, पण संशोधनाचं मूल्यमापन करणाऱ्या समित्यांनी ही एक गोष्ट तरी उचलावी असं फार वाटतं.

आता श्रेय कुणाचं? 1978 मध्ये 'लॅन्सेट'च्या संपादकीयात म्हटलं होतं की सोडियम आणि ग्लुकोजच्या शोषणाचा हा परस्परसंबंध म्हणजे कदाचित या शतकातली सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती. म्हणजे कौतुकाच्या वाक्यातही श्रेय गेलं प्रयोगशाळेकडे. क्रेन यांच्याशिवाय हे झालं नसतं हे खरं. पण छावणीतल्या नातेवाइकांशिवाय आणि दारोदार फिरणाऱ्या बायकांशिवायही झालं नसतं. सायटेशन एका पेपरचं असतं, समाजावरचा प्रभाव एका पेपरचा नसतो.

मोजायला गेलं की

ब्रिटननं हे मोजायचा सर्वांत गंभीर प्रयत्न केला. तिथल्या विद्यापीठांच्या 2014 च्या राष्ट्रीय मूल्यमापनात 20 टक्के भार विद्याक्षेत्राबाहेरच्या प्रभावाला दिला गेला आणि 2021 मध्ये तो 25 टक्के झाला. विद्यापीठांनी आकड्यांऐवजी कहाण्या पाठवायच्या: कोणतं संशोधन, त्यातून कुठे काय बदललं, पुरावा काय. 2014 मध्ये अशा जवळपास 7,000 कहाण्या आल्या. त्यातली एक तरतूद मला फार प्रामाणिक वाटते. बदल गेल्या पाच-सहा वर्षांतला हवा, पण त्यामागचं संशोधन 1993 पर्यंत मागचं चालेल. संशोधन बाहेर पोचायला वीस वर्षं लागू शकतात, हे नियमातच मान्य केलं होतं. तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या शेवटी 'समाजाला झालेला लाभ' लिहायला लावणाऱ्यांनी यावर विचार करायला हरकत नाही.

खोट अर्थातच आहे. कहाणी म्हटली की ती रंगवता येते, आणि विद्यापीठांनी या कहाण्यांसाठी खास माणसंही नेमली. त्याहून मोठी अडचण अशी, की वापर झाला म्हणजे बदल झाला असं नसतं. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा 2010 चा पेपर घ्या. सरकारी कर्ज देशाच्या जीडीपीच्या 90 टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते, असा त्याचा सूर होता. युरोप-अमेरिकेतल्या खर्चकपातीच्या समर्थकांनी तो उचलून धरला. भरपूर सायटेशन, भाषणांत आणि अहवालांत उल्लेख. विद्याक्षेत्र आणि समाज, दोन्ही रकान्यांत पूर्ण गुण. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्यानं आकडे पुन्हा मांडले तेव्हा दिसलं की स्प्रेडशीटमधल्या चुकीमुळे पाच देश सरासरीतून गळाले होते. इतर दुरुस्त्याही केल्यावर जास्त कर्जाच्या देशांची सरासरी वाढ उणे 0.1 टक्क्याऐवजी 2.2 टक्के निघाली. लेखकांनी स्प्रेडशीटची चूक मान्य केली, मूळ निष्कर्षाची दिशा मात्र सोडली नाही. आणि धोरणं? ती लगेच कुणी मागे घेतली नाहीत. यावरून मी तरी असं समजतो की तो पेपर कपातीचं कारण कमी आणि दाखला जास्त होता.

संशोधनाच्या वापराचे हे प्रकार अमेरिकी समाजशास्त्रज्ञ कॅरल वाइस यांनी 1979 मध्येच वेगळे काढले होते. कधी अभ्यासातून थेट उत्तर मिळतं. कधी आधीच घेतलेल्या भूमिकेला तो दारूगोळा म्हणून वापरला जातो. आणि कधी कुठल्याही एका अभ्यासाचं नाव न घेता कल्पना हळूहळू झिरपतात आणि लोक प्रश्नाकडेच वेगळ्या नजरेनं बघू लागतात. समाजशास्त्रं आणि इतिहास यांचा खरा प्रभाव बहुधा या तिसऱ्या वाटेनं होतो, आणि तो कोणत्याच रकान्यात बसत नाही.

मग दोन्हींचा संबंध काय?

संबंध आहे, पण तो सरळ रेषेत नाही. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी 1974 मध्ये दाखवलं की फ्रिज आणि स्प्रेमधले क्लोरोफ्लुरोकार्बन ओझोनचा थर खातील. पेपर गाजला. पण ते दोघे तिथे थांबले नाहीत. वर्तमानपत्रांशी बोलले, संसदीय समित्यांसमोर साक्ष दिली, उद्योगांचा रोष पत्करला. 1985 मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनचं छिद्र असल्याचं प्रसिद्ध झालं आणि 1987 मध्ये या रसायनांवर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय माँट्रियल करार झाला. त्या दोघांनी पेपर छापून हात झटकले असते तर करार इतक्या लवकर झाला असता असं मला वाटत नाही.

कधी क्रम उलटाही असतो. कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांचा एमआरएनए या पेशीतल्या निरोप्या रेणूवरचा 2005 चा मूलभूत पेपर सुरुवातीला फारसा कुणी वाचला नाही. त्याआधी 1995 मध्ये कारिको यांना विद्यापीठात खालच्या पदावर जावं लागलं होतं, कारण अनुदान मिळत नव्हतं. 2020 मध्ये या कामाचा आधार असलेल्या कोविडच्या लशी आल्या, मग सायटेशन धो-धो वाढले, 2023 मध्ये नोबेल मिळालं. इथे समाजावरचा प्रभाव आधी आला आणि विद्याक्षेत्रानं मागाहून दखल घेतली.

इम्पॅक्ट फॅक्टर व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी वापरू नका, असं 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्यात म्हटलं आहे आणि अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत. सह्या करणं सोपं असतं. मूल्यमापनाला बसलेल्या माणसापुढे चाळीस अर्ज आणि एक दुपार असते, आणि आकडा पटकन वाचता येतो.

म्हणून अर्ज, बातमी किंवा परिचयपत्र वाचताना मी दोन साधे प्रश्न विचारतो. सायटेशनचा आकडा दिला असेल तर विचारतो, कुणी आणि कशासाठी उल्लेख केला? समाजाला उपयोग झाला म्हटलं असेल तर विचारतो, कुणी काय वेगळं करायला लागलं, आणि ते त्याच्यापर्यंत पोचवलं कुणी? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात पुन्हा जर्नलचंच नाव आलं, तर पहिल्या रकान्यातला मजकूर दुसऱ्यात उतरवला आहे असं खुशाल समजावं.