क्रॅश टीम रेसिंग आणि क्रॅश टॅग टीम रेसिंग: नावात एकच शब्द जास्त, पण गेम पूर्ण वेगळा

क्रॅश बँडिकूट या व्हिडिओ गेममधल्या पात्राच्या रेसिंग गेमचा विषय निघाला की पाच मिनिटांत हमखास गोंधळ होतो. एकजण म्हणतो त्यात दोन गाड्या चिकटून एक गाडी व्हायची ना, दुसरा म्हणतो छे, असलं काही नव्हतंच, मी तर तो अख्खा गेम पूर्ण केलाय, आणि गंमत म्हणजे दोघंही खरंच सांगत असतात कारण दोघांच्या डोक्यात दोन वेगळे गेम असतात. नावंच अशी आहेत, काय करणार. एक सीटीआर, म्हणजे क्रॅश टीम रेसिंग, दुसरा सीटीटीआर, म्हणजे क्रॅश टॅग टीम रेसिंग.

तर आधी क्रॅश टीम रेसिंग. हा १९९९ सालचा, पहिल्या प्लेस्टेशनवरचा, आणि बनवला नॉटी डॉगने, म्हणजे ज्यांनी १९९६ मध्ये क्रॅशला जन्माला घातलं त्यांनीच. त्यांचा हा शेवटचा क्रॅश गेम. गोष्ट साधी आहे, नायट्रस ऑक्साईड नावाचा एलियन येतो, म्हणतो मी आख्ख्या गॅलेक्सीत सगळ्यात फास्ट, माझ्याशी रेस लावा, हरलात तर तुमच्या पृथ्वीचं काँक्रीटचं पार्किंग करून टाकतो. बस, मग लागा कामाला.

क्रॅश टॅग टीम रेसिंग आला २००५ मध्ये, प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स, गेमक्यूब आणि पीएसपीवर, आणि बनवला रॅडिकल एंटरटेनमेंटने. म्हणजे मध्ये सहा वर्षं गेली आणि टीमही दुसरी. इथे फॉन क्लच नावाच्या माणसाचं मोटरवर्ल्ड हे थीम पार्क आहे, त्याची पॉवर जेम्स चोरीला गेलीत, आणि जो ती शोधून देईल त्याला आख्खं पार्क मिळणार. म्हणून हा गेम अर्धा रेसिंगचा आणि अर्धा पायी फिरण्याचा आहे. क्रॅश गाडीतून उतरतो, पार्कभर उड्या मारतो, स्पिन मारतो, नाणी गोळा करतो आणि मग पुढच्या रेसला जातो. सीटीआरमध्ये असं कधीच होत नाही, तिथे एन. सॅनिटी बीचवर रेसचे दरवाजे शोधत फिरायचं तेसुद्धा कार्टमध्ये बसूनच.

पण खरा फरक गोष्टीत नाही, हातात आहे. मी सीटीआर भरपूर खेळून मग टॅग टीमकडे वळलो आणि सवयीप्रमाणे प्रत्येक वळणावर धुराकडे बघत बसलो. हे धुराचं प्रकरण नीट सांगायला हवं कारण सीटीआरचा जीव त्यातच आहे. वळण आलं की एल वन किंवा आर वन (कंट्रोलरच्या खांद्यावरची डावी-उजवी बटणं) दाबून कार्टची छोटी उडी मारायची, बटण सोडायचं नाही आणि वळवत राहायचं, म्हणजे स्लाइड सुरू होते. आता खाली उजव्या कोपऱ्यात एक बार भरायला लागतो, हिरव्याचा लाल होत जातो, आणि त्याच वेळी एक्झॉस्टमधून काळा धूर यायला लागतो. त्या क्षणी दुसऱ्या बाजूचं खांद्याचं बटण दाबलं की टर्बो. एकाच स्लाइडमध्ये असे तीन टर्बो काढता येतात, पण उशीर झाला तर इंजिन नुसतं फटका मारतं आणि स्लाइड फार ताणली तर कार्ट गोल फिरून तोंड उलटीकडे होतं. लवकर दाबलं तर बूस्ट कमी मिळतो. म्हणजे प्रत्येक वळणावर तीन वेळा स्वतःची परीक्षा. चांगला खेळणारा हा ताल मोडतच नाही, सरळ रस्त्यावरसुद्धा नागमोडी स्लाइड मारत जातो. त्यात भर म्हणजे उतारावरून किंवा रॅम्पवरून उडी मारून हवेत जितका जास्त वेळ राहाल तितका खाली उतरताना बूस्ट मोठा. म्हणून काठावर आल्यावर नेमकं कधी हॉप मारायचं हे बोटांना शिकवावं लागतं, डोक्याने होत नाही ते.

शस्त्रांचंही तसंच आहे. दहा वुंपा फळं गोळा केली की थोडा स्पीडही वाढतो आणि हातातलं शस्त्रही जास्त ताकदीचं होतं. साधा टीएनटी, म्हणजे स्फोटकांचं खोकं, कोणाच्या डोक्यावर बसला तर तो सारखं हॉप हॉप करून झटकून टाकता येतो, पण दहा फळं असताना तोच टीएनटी नायट्रो होतो आणि मग झटकायला वेळच नाही, लागला की फुटला. एवढ्या छोट्या गोष्टीत केवढा विचार केलाय बघा.

आता टॅग टीम. इथे मुख्य गोष्ट आहे क्लॅशिंग, म्हणजे रेस चालू असताना शेजारच्या गाडीला चिकटायचं आणि दोन गाड्यांची एक गाडी करायची. एकजण चालवतो, दुसरा वर टरेटवर, म्हणजे फिरत्या तोफेवर, बसून चारी बाजूंना गोळ्या झाडतो. तुम्ही स्टिअरिंगवर बसा नाहीतर गनवर बसा, निवड तुमची. त्यामुळे प्रश्नच बदलतो. सीटीआरमध्ये डोक्यात एकच असतं, माझा स्पीड कसा टिकेल. टॅग टीममध्ये डोक्यात असतं की आत्ता कोणाला चिकटू, किती वेळ चिकटून राहू, आणि शेवटच्या लॅपला कधी सुटू. मी तीन-चार रेस हरलो त्या फक्त एवढ्याचसाठी की मी एकट्याने पळायला बघत होतो, आणि तो गेम एकट्याने पळण्यासाठी बनलेलाच नाही.

आणि नावाची गोष्ट यातच उलगडते. सीटीआरच्या नावात टीम आहे पण रेसमध्ये टीम अशी काही नसते, तुम्ही एकटे आणि बाकी सगळे विरोधात. टॅग टीममध्ये मात्र नाव अगदी खरं आहे, दोघांची जोडी, आणि तीही आत्ता ज्याच्यावर गोळ्या झाडत होतो त्याच्याशीच. (२००३ चा क्रॅश नायट्रो कार्ट हा आणखी तिसरा, त्यात खरोखर टीम पाडलेल्या आहेत, पण त्याचं खेळणं बरंचसं सीटीआरच्या वाटेनेच जातं म्हणून त्याला इथे बाजूला ठेवतो.)

कोणता गेम आठवतोय हे ओळखायचं असेल तर कॅरेक्टर आठवा. पोलर हे अस्वलाचं पिल्लू किंवा पुरा हे वाघाचं पिल्लू चालवलेलं आठवतंय तर तो टॅग टीम नाही. उलट पासाडेना, नीना किंवा क्रंच आठवतोय तर तो १९९९ चा सीटीआर असूच शकत नाही, कारण तेव्हा हे तिघं मालिकेत आलेच नव्हते. सीटीआरमध्ये एकूण १५ जण, टॅग टीममध्ये फक्त ८.

मला विचाराल तर रेसिंग म्हणून सीटीआर कितीतरी वरचा आहे, त्यात वादच नाही माझ्यापुरता. त्याच १८ ट्रॅकवर वर्षानुवर्षं टाइम ट्रायल खेळत राहावं असं वाटतं, कारण दर वेळी कुठेतरी अर्धा सेकंद सापडतो. टॅग टीमचे ट्रॅक तसे मनात घर करत नाहीत. पण पार्कमध्ये भटकण्यात आणि तिथल्या पात्रांच्या बडबडीत जी मजा आहे ती सीटीआरमध्ये नाही, आणि क्लॅशिंगची कल्पना मला आजही मनापासून आवडते. तिला दुसरी संधी मिळायला हवी होती.

कारण संधी मिळाली ती सीटीआरला. २०१९ मध्ये बीनॉक्स या स्टुडिओने क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूल्ड काढला, सीटीआरचे सगळे ट्रॅक नव्याने बनवले, नायट्रो कार्टचेही घेतले, पॉवर स्लाइडचा तो तीन टर्बोचा ताल तसाच ठेवला. त्यामुळे आज सुरुवात करणाऱ्याने सरळ तोच घ्यावा. टॅग टीमचा असा रीमेक नाही, तो जुन्या रूपातच खेळावा लागतो. त्यातली पासाडेना आणि फॉन क्लच नायट्रो-फ्यूल्डमध्ये आलेत, छान दिसतात, स्लाइडही मारतात. पण पासाडेनाच्या शेजारून गाडी नेऊन कितीही घासली तरी दोन गाड्यांची एक गाडी होत नाही.