खुलासा : आयरिश पऱ्यांना पंख नव्हतेच

आयरिश लोककथांवर बेतलेल्या किशोर फँटसी कादंबऱ्यांत पऱ्या माणसाएवढ्या उंच, देखण्या आणि निर्दयी असतात. त्यावर हमखास ऐकू येतं, ‘मूळच्या पऱ्या इवल्याशा, पंखवाल्या, गोड, लेखकांनी थरारासाठी त्यांना बिघडवलं.’ खरं अगदी उलट आहे.

आयरिश परंपरेत त्यांना ‘ईस शी’ म्हणतात, म्हणजे टेकाडांतले लोक. ‘बॅन्शी’ म्हणजे टेकाडातली बाई. पंख चिकटवले ते 18व्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रज चित्रकारांनी आणि पुढे रंगभूमीने. आपण भाषांतरात फारसीतून आलेला ‘परी’ शब्द वापरतो, त्यामुळे पंख आणखीच पक्के होतात.

गावोगावी लोक त्यांचं नाव घेणंही टाळत. ‘चांगली माणसं’ म्हणत, कारण ती रागावली तर गुरं आटतात, मूल पळवून त्याच्या जागी भलतंच ठेवतात, अशी समजूत. ही भीती जीवघेणी होती. 1895 साली टिपरेरी परगण्यात मायकेल क्लिअरीने आजारी बायकोला, ब्रिजेटला, जाळलं. ही माझी बायको नाही, पऱ्यांनी बदलून ठेवलेली बाई आहे, असं तो म्हणत राहिला. सदोष मनुष्यवधासाठी त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली. तिची आठवण ठेवली, तर त्या कथांतला काळोख उसना वाटणार नाही.

आणि हे सगळं फार जुनंही नाही. 1999मध्ये क्लेअर परगण्यातल्या लटून इथे महामार्गाच्या वाटेत पऱ्यांचं मानलं जाणारं काटेरी हॉथॉर्नचं झुडूप आलं. कथाकथनकार एडी लेनिहान यांनी मोहीम चालवली, आणि रस्त्याच्या आराखड्यात ते राखलं गेलं.