चष्म्याच्या नंबरासाठी लेझर : सरकारी योजना आणि विम्यातून पैसे कधी मिळतात

आमच्याकडे नंबर तपासायला आलेले अनेक जण विचारतात, ‘कार्डावर लेझर होतं का?’ केवळ चष्मा नको म्हणून केलेलं लेझर आयुष्मान भारत किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत नाही. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर करावं लागणारं लेझर वेगळं, तो आजारावरचा उपचार आहे. त्याची चौकशी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्रांकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसांकडे करा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नाशिकमध्ये त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात मोफत होते.

आरोग्य विम्यात मात्र एक वाट आहे. ७.५ पेक्षा कमी नंबरावरचा उपचार वगळण्याचं प्रमाणित कलम बहुतेक पॉलिसींत असतं. म्हणजे नंबर ७.५ किंवा जास्त असेल तरच दावा विचारात येतो. -७ सोबत -१ सिलिंडर (तिरकस नंबर) असेल तर हिशेब कसा धरणार, हे कंपनीला आधीच लेखी विचारा. दाव्याच्या फाइलला चष्म्याचाच नंबर लावा. चष्म्याचा -८ काँटॅक्ट लेन्समध्ये जेमतेम -७.२५ भरतो, आणि चुकून लेन्सच्या नंबराचा कागद गेला तर दावा अडतो. पॉलिसी घेताना नंबर लपवू नका. आधीपासूनच्या त्रासासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं.

खरी अडचण पुढे आहे. विमा चालू होतो त्याच नंबराला कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कमी पडू लागतो. एका नंबरामागे लेझर त्याचा साधारण १२ ते १५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) थर काढतं, म्हणजे -८ ला सुमारे ११०. लेसिक या लेझरच्या पद्धतीत आधी उचलावा लागणारा वरचा पापुद्रा तेवढाच जाड असतो. खाली किमान २५० शिल्लक लागतात, बरेच सर्जन ३०० धरतात. ५४० मायक्रॉनच्या कॉर्नियाला हे झेपतं. ४९० असेल तर २७० च उरतात, आणि बहुतेक डॉक्टर नाही म्हणतात. त्यांचं ऐका. पातळ झालेला कॉर्निया पुढे फुगू लागला तर चष्म्यानेही नीट दिसत नाही. अशा वेळी डोळ्यात लेन्स बसवण्याचा पर्याय सुचवतात. त्यालाही ७.५ चं तेच कलम लागतं, पण अंदाजपत्रक वेगळं घ्या.

मोजणीआधी सॉफ्ट काँटॅक्ट लेन्स निदान एक ते दोन आठवडे बंद ठेवा, कडक लेन्स तीन-चार आठवडे. नाहीतर कॉर्नियाचा आकार चुकीचा येतो. वय १८ पूर्ण हवं आणि वर्षभरात नंबर ०.५ पेक्षा जास्त बदललेला नसावा. जुन्या तपासणीच्या तारखेसह चिठ्ठ्या जपा, स्थिर नंबराचा पुरावा त्याच असतात. आमच्याकडे तपासलं असेल तर नोंद मागून घ्या.

रेल्वेत सहायक लोको पायलट व्हायचं असेल तर लेझर करू नका, त्या पदाला लेसिक केलेले उमेदवार अपात्र ठरतात. इतर भरतीचे वैद्यकीय निकष आधी वाचा.

कंपनीची मंजुरी लेखी आल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका. दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडेच तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.