आद्य व्हिक्टोरियन छायाचित्रसंग्रह : निसर्गदृश्ये आणि वास्तू

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या पहिल्या दोन दशकांत, ढोबळमानाने १८३९ ते १८६० या काळात, ब्रिटिश छायाचित्रकारांनी टिपलेली निसर्गदृश्ये व वास्तू यांच्या मूळ प्रती जमवण्याचा छंद, व्यापार आणि अभ्यास. यात सारा भर मूळ प्रतीवर असतो. तेच दृश्य पुस्तकात किंवा पडद्यावर कोणालाही पाहता येते. संग्राहक पैसे मोजतो ते त्या काळात, त्या छायाचित्रकाराच्या देखरेखीखाली कागदावर उतरलेल्या प्रतीसाठी.

ही छायाचित्रे दुर्मिळ असण्याचे पहिले कारण कायदेशीर आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने विल्टशरमधील लॅकॉक ॲबी या आपल्या घरी कागदी निगेटिव्हची पद्धत विकसित केली आणि १८४१ मध्ये ‘कॅलोटाइप’ या नावाने तिचे पेटंट घेतले. परवान्याच्या अटींमुळे इंग्लंडमधले बरेच हौशी लोक दूर राहिले. पेटंट स्कॉटलंडला लागू नव्हते. एडिंबरोत डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट ॲडमसन यांनी १८४३ पासून अवघ्या चार-साडेचार वर्षांत जे प्रचंड काम उभे केले, त्यामागे ही मोकळीकही होती. टॅलबटने १८५२ मध्ये हौशी मंडळींसाठी अटी सैल केल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये केवळ छायाचित्रांना वाहिलेले पहिले मोठे प्रदर्शन भरले, आणि १८५३ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्यामुळे १८५२ च्या आधीचे, स्वतः टॅलबट व त्याच्या गोतावळ्याबाहेरच्या कोणा इंग्रजाने काढलेले निसर्गदृश्य हाती लागणे ही संग्राहकाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट.

वास्तू आणि निसर्ग हेच विषय का, याचे उत्तर बरेचसे तंत्रात आहे. एक चित्र उतरायला कॅमेऱ्यात काही मिनिटे प्रकाश घ्यावा लागे. माणूस हलतो, चर्च हलत नाही. शिवाय पडक्या मठांवर वेल चढलेले पाहण्याची गोडी इंग्रज सुखवस्तू वर्गात चित्रकलेमुळे आधीच रुजली होती. मेणबत्त्यांचा धंदा करणारा बेंजामिन ब्रेकनेल टर्नर सासुरवाडीच्या वुस्टरशर परगण्यातली झाडे, कोठारे आणि खेड्यातली घरे टिपत हिंडला. त्याच्या साठ प्रतींचा अल्बम आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. रॉजर फेंटनचे नाव क्रिमियाच्या युद्धचित्रांशी जोडले जाते खरे, पण इंग्लंडातल्या वेल्स आणि लिंकन या शहरांची कॅथीड्रले, टिंटर्न ॲबी हा पडका मठ ही त्याची चित्रे पाहिली की त्याचा जीव कशात होता ते कळते. फिलिप हेन्री डेलामोटने क्रिस्टल पॅलेस या लंडनच्या काच-लोखंडाच्या प्रदर्शन-इमारतीची सिडनहॅमला होणारी पुनर्उभारणी टप्प्याटप्प्याने टिपली.

जाणकार खरेदीदार आधी चित्राचा विषय बघत नाही, पृष्ठभाग बघतो. सॉल्ट प्रिंटसाठी कागद मिठाच्या पाण्यात भिजवून त्यावर सिल्व्हर नायट्रेट चढवत. त्यामुळे प्रतिमा कागदाच्या धाग्यांतच मुरते. प्रत तिरपी धरली तरी चकाकत नाही आणि रंग तपकिरी ते जांभळटपर्यंत कुठलाही असतो. १८५० नंतर आलेल्या अल्ब्युमेन कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर असतो, प्रतिमा त्या थरात राहते. म्हणून तिला तुकतुकी असते, भिंगाखाली बारीक तडे दिसतात आणि उजळ भाग पिवळट पडलेले असतात. हा कागद पातळ, गुंडाळी होणारा. तो पुठ्ठ्यावर डकवावाच लागे. पुठ्ठ्यावर छापलेले नाव किंवा दाबून उठवलेला शिक्का हा मग पुरावा ठरतो. आकाश बहुधा कोरे पांढरे असते, कारण ही रसायने निळ्या रंगाला फार लवकर प्रतिसाद देत. कागदी निगेटिव्हवर आकाशाचा भाग शाईने काळा केलेलाही सापडतो.

सॉल्ट प्रिंट उजेडासमोर धरली की कधीकधी व्हॉटमन गिरणीचा जलचिन्हांकित वर्षाचा आकडा दिसतो. नवखा त्याला चित्राची तारीख समजून बसतो. त्यावरून एवढेच कळते की प्रत त्या वर्षाच्या आधीची नाही. जुना कागद पुढे किती वर्षांनी वापरला गेला, हे तो आकडा सांगत नाही. निगेटिव्हच्या बाबतीतही तीच सावधगिरी. फेंटनने १८६२ मध्ये छायाचित्रण सोडले, त्याच्या निगेटिव्ह विकल्या गेल्या आणि त्यांतल्या काहींच्या प्रती पुढे फ्रान्सिस फ्रिथच्या कंपनीने काढून विकल्या. दृश्य तेच, निगेटिव्हही तीच, किंमत मात्र वेगळी.

संग्रह करण्याची सुरुवात त्या काळातच झाली होती. राणी आणि प्रिन्स अल्बर्ट स्वतः छायाचित्रे विकत घेत. सभासद आपापसांत प्रतींची देवाणघेवाण करत, त्यासाठी फोटोग्राफिक एक्स्चेंज क्लब होता. १८५७ मध्ये निघालेली आर्किटेक्चरल फोटोग्राफिक असोसिएशन वर्गणीदारांना इमारतींची छायाचित्रे पुरवी. पण प्रती भराभर विटू लागल्या. १८५५ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीने यासाठी खास समिती नेमली, अल्बर्टने तिला ५० पौंड दिले. धुण्यात राहून गेलेला हायपो (प्रतिमा पक्की करण्याचे रसायन) आणि हवेतला गंधक हे मुख्य दोषी ठरले. आज गडद, ताज्या छटेची प्रत इतकी महाग का, याचे उत्तर या फिकट पडलेल्या हजारो प्रतींत आहे.

नंतरची पन्नास-साठ वर्षे उपेक्षेची. अल्बम अडगळीत गेले, घर आवरताना फेकले गेले. १९४५ मध्ये हेल्मुट गर्नशाइमने लंडनमध्ये ते गोळा करायला घेतले, तेव्हा स्पर्धक जवळजवळ नव्हतेच. त्याने ब्रिटनमध्ये राष्ट्रीय छायाचित्र संग्रहालयासाठी खटपट केली. ती फसली आणि १९६३ मध्ये सुमारे ३५,००० प्रतींचा त्याचा संग्रह टेक्सास विद्यापीठाने विकत घेतला. ब्रिटिश संस्थांची ही चूक साधी नव्हती. १९७१ पासून सदबीजने लंडनमध्ये छायाचित्रांचे नियमित लिलाव सुरू केले आणि बाजार बदलला. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने सॅम वॅगस्टाफच्या संग्रहासह अनेक मोठे खासगी संग्रह एकदम घेतले, तेव्हा उरलीसुरली स्वस्ताई संपली.

तरीही घबाड लागते. २००६ मध्ये इंग्लंडातल्या पेनरिथ येथील एका स्थानिक लिलावात ८० पौंड अंदाजाची एक पेटी ७५,००० पौंडांना गेली. तिच्यात कलासमीक्षक जॉन रस्किनच्या संग्रहातले १८८ दागेरोटाइप होते, त्यांत व्हेनिसच्या वास्तूंचे कितीतरी. दागेरोटाइप चांदीच्या मुलाम्याच्या तांब्याच्या पत्र्यावर उतरतो, त्याची दुसरी प्रत निघत नाही. तो गेला की गेला. पेटी ओळखणारे एकापेक्षा जास्त जण हजर होते म्हणून तर बोली एवढी चढली.

या इतिहासाचा मुंबई इलाख्याशी थेट संबंध आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये, म्हणजे लंडनच्या सोसायटीनंतर वर्षभरातच, निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक नावाजलेले छायाचित्रकार. १८५५ मध्ये मुंबई सरकारने तोफखान्यातला अधिकारी थॉमस बिग्ज याला विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तू टिपण्याच्या कामावर नेमले. त्याला लष्कराने परत बोलावल्यावर डॉ. विल्यम पिगू याने काम पुढे नेले. त्यांची चित्रे १८६६ मध्ये ग्रंथरूपाने आली, मूळ प्रती पानांवर डकवून. असे ग्रंथ फोडून एकेक पान विकण्याची व्यापाऱ्यांची खोड संग्राहकांनी पोसलेली आहे, हे कबूल करायला हवे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करणारा मेजर रॉबर्ट गिल याच्या बहुतेक नकला १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. अजिंठा-वेरूळची त्याची छायाचित्रे मात्र उरली आणि आता त्यांना मागणी आहे.

हंपीची कथा याहून वेगळी. अलेक्झांडर ग्रीनलॉ या लष्करी अधिकाऱ्याने १८५६ च्या सुमारास विजयनगरच्या अवशेषांच्या साठहून अधिक मोठ्या कागदी निगेटिव्ह तयार केल्या. त्या १९८० च्या सुमारास लंडनमध्ये पुन्हा उजेडात आल्या आणि पुढे दिल्लीच्या अल्काझी संग्रहात पोचल्या. दरम्यान एका ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने हंपीत त्याच जागा हुडकून, त्याच कोनांतून नवी चित्रे काढली. विठ्ठल मंदिराच्या परिसरातली अशी जुनी-नवी चित्रे शेजारी ठेवली की मधल्या काळात कुठले बांधकाम ढासळले आणि कुठे नंतर डागडुजी झाली, हे अभ्यासकांना ताडून पाहता येते.