'वयाच्या पुढे' बोलणारी मुले : मुंबईतील मोजमापाची पार्श्वभूमी

मुंबईतील शाळांच्या नर्सरी आणि ज्युनिअर केजीच्या प्रवेशांची चर्चा सुरू झाली की अडीच-तीन वर्षांच्या मुलांची दोन गटांत विभागणी होऊ लागते. काही मुले 'अजून नीट बोलत नाहीत' आणि काही 'वयाच्या मानाने फारच पुढे आहेत', असे पालक, नातेवाईक आणि शिक्षिका सहज बोलून जातात. मागे राहिलेल्या मुलांसाठी या शहरात निदानाची आणि उपचाराची व्यवस्था गेल्या सहा दशकांत उभी राहिली. पुढे असलेल्या मुलांची नोंद मात्र प्रवेशाच्या निमित्तानेच आणि बहुतेक वेळा इंग्रजीतच घेतली गेली. त्यामुळे आपण ज्याला प्रगत भाषाविकास म्हणतो त्यात मुलाची भाषा किती, त्याचा जन्ममहिना किती आणि प्रश्न विचारणाऱ्याची भाषा किती, हे वेगळे करून पाहण्याची सवय आपल्याला लागली नाही.

लहान मुलांच्या बोलण्याच्या पद्धतशीर नोंदींची सुरुवात युरोपातील सुशिक्षित घरांतून झाली. १८७७ मध्ये एका इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने आपल्या पहिल्या मुलाविषयीची सदतीस वर्षांपूर्वीची टिपणे प्रसिद्ध केली आणि १९०७ मध्ये एका जर्मन दांपत्याने स्वतःच्या मुलांच्या रोजनिशीवरून बालभाषेवर सविस्तर ग्रंथ लिहिला. या नोंदींत मुलांची एकमेकांशी तुलना नव्हती. ती १९०५ मध्ये फ्रान्समध्ये तयार झालेल्या बुद्धिमापन चाचणीबरोबर आली. तिच्या अमेरिकी आवृत्तीत शब्दसंग्रहाला मोठे वजन मिळाले. १९२१ पासून कॅलिफोर्नियात दीड हजारांहून अधिक बुद्धिमान मुलांचा जो दीर्घ अभ्यास सुरू झाला, त्यातील जवळपास निम्मी मुले शाळेत जाण्यापूर्वीच वाचायला शिकली होती. लवकर बोलणे, लवकर वाचणे आणि हुशार असणे या तीन गोष्टी तेव्हापासून लोकांच्या मनात एकमेकींना चिकटल्या.

फ्रान्समधील ही बुद्धिमापन चाचणी आपल्याकडे १९३०च्या दशकात आली. मुंबई इलाख्यातील मराठी आणि कानडी मुलांसाठी तिची जी आवृत्ती तयार झाली, ती बिने-कामत चाचणी या नावाने मुंबईच्या रुग्णालयांत आणि मार्गदर्शन केंद्रांत आजही वापरली जाते. परकी चाचणी जशीच्या तशी न उचलता आपल्या मुलांवर तपासून घेण्याचे हे काम मोलाचे होते आणि त्याची आठवण आता फारशी काढली जात नाही. पण ती चाचणी तिसऱ्या वर्षापासून पुढची आहे आणि भाषेपेक्षा बुद्धीचे माप घेण्यासाठी रचलेली आहे. १९६०च्या दशकात मुंबईत वाचा-उपचाराचे शिक्षण सुरू झाले आणि १९८३ मध्ये वांद्र्याला श्रवणदोष असलेल्यांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथील दृष्टी साहजिकच विलंबाकडे होती. बोलण्याच्या वाढीची जी तपासणी-पत्रके प्रचारात आली, त्यांतील एक महत्त्वाचे पत्रक तीन वर्षांपर्यंतच जाते. अडीच वर्षांचे मूल त्यातील सगळे टप्पे पार करून गेले, तर त्याच्या नावापुढे फक्त 'पूर्ण' अशी खूण होते आणि ते किती पुढे आहे हे कळत नाही.

या रिकाम्या जागेत प्रवेशाची मुलाखत शिरली. इंग्रजी माध्यमाकडे मध्यमवर्गीय मराठी घरांचा ओढा वाढत गेला तसा तीन वर्षांच्या मुलाला रंग, फळे आणि प्राणी इंग्रजीत विचारण्याचा प्रघात पडला आणि त्या मुलाखतीची तयारी करून घेणारे वर्गही निघाले. १९९३ मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीने शालेय ओझ्यावरील आपल्या अहवालात नर्सरी प्रवेशाच्या चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात असे स्पष्ट म्हटले. राज्यात १९९६ मध्ये पूर्वप्राथमिक प्रवेशांचे नियमन करणारा कायदाही झाला. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली आणि पहिल्या उल्लंघनास २५,००० रुपयांपर्यंत, त्यानंतरच्या प्रत्येकास ५०,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला. तो कायदा सहा ते चौदा वयोगटासाठीचा असल्याने नर्सरीला ही मनाई कितपत लागू होते, यावर वाद होत राहिले आणि अनेक ठिकाणी मुलाखतीचे नाव बदलून 'इंटरॅक्शन' झाले. मुलाखत बंद करण्याचा निर्णय योग्यच होता. अनोळखी खोलीत, घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत विचारलेल्या दहा प्रश्नांवरून कोणत्याही मुलाची भाषा कळत नाही, आणि गप्प राहिलेले मूल घरी तासभर गोष्ट सांगत असेल याचा पत्ता तिथे कुणाला लागत नाही.

मुलाखतीचे महत्त्व औपचारिकदृष्ट्या संपले आणि सगळा भार जन्मतारखेवर आला. शासन निर्णयांत जिला 'मानीव दिनांक' म्हणतात, म्हणजे ज्या तारखेला मुलाचे वय पूर्ण झालेले असावे लागते, ती महाराष्ट्रात काही वर्षांत दोनदा सरकली. २०१५ च्या निर्णयाने नर्सरीसाठी तीन आणि पहिलीसाठी सहा वर्षे ही किमान वये टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले आणि त्यासाठी ३१ जुलै ही तारीख धरली गेली. नंतर ती ३० सप्टेंबर झाली आणि २०२० मध्ये ३१ डिसेंबर. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांच्या पालकांची मोठी तक्रार होती की काही दिवसांच्या फरकाने मुलाचे वर्ष वाया जाते, आणि 'आमचे मूल तर वयाच्या पुढे बोलते' हा त्या तक्रारीतील नेहमीचा युक्तिवाद होता. तारीख पुढे नेल्याने त्यांना दिलासा मिळाला.

या बदलाचा भाषेशी असलेला संबंध मात्र चर्चेत जवळजवळ आलाच नाही, म्हणून तो येथे थोडा सविस्तर मांडणे आवश्यक वाटते. शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. ३१ जुलैच्या नियमानुसार नर्सरीत येणारे सर्वांत लहान मूल दोन वर्षे साडेदहा महिन्यांचे असे. ३१ डिसेंबरच्या नियमानुसार ते दोन वर्षे साडेपाच महिन्यांचे असते आणि त्याच्या शेजारी बसलेले सर्वांत मोठे मूल तीन वर्षे साडेपाच महिन्यांचे असू शकते. वर्गातील कमाल अंतर दोन्ही नियमांत एक वर्षाचेच आहे. पण ते वर्ष आता आयुष्याच्या अशा भागात येऊन पडले आहे, जिथे भाषेचा वेग सर्वाधिक असतो. अमेरिकेत १९९०च्या दशकात पालकांच्या प्रश्नावल्यांवरून जी आकडेवारी तयार झाली, तिच्यानुसार दोन वर्षांचे मूल सरासरी सुमारे ३०० शब्द बोलते आणि सर्वांत पुढे असलेल्या दहा टक्क्यांतील मूल ५०० हून अधिक. हे एकाच वयाच्या मुलांमधील अंतर आहे. त्यात बारा महिन्यांच्या वाढीची भर पडली की जानेवारीत जन्मलेले सर्वसाधारण मूल डिसेंबरमध्ये जन्मलेल्या खरोखर प्रगत मुलापेक्षाही बोलके दिसू शकते. शिक्षिका वर्ग एकच पाहते आणि पालकांना सांगताना 'मागे' आणि 'पुढे' हे शब्द वापरते. त्यातून डिसेंबरच्या मुलाला वाचा-उपचाराकडे पाठवले जाते आणि जानेवारीच्या मुलाला हुशार ठरवले जाते. वयाची रेषा कुठेतरी आखावीच लागते हे मान्य आहे. पण ती पाच महिने सरकवताना वर्गातील मुलांचे वय महिन्यांत मोजण्याची सूचना सोबत द्यायला हवी होती.

दुसरा प्रश्न भाषेचा. इंग्रजी शब्द मोजून मराठी मुलाची प्रगती ठरवताना त्याने केलेले मोठे काम नजरेतून सुटते. 'मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं' यात क्रियापद खाणाऱ्याला सोडून खाल्लेल्या वस्तूमागे जाते, तर 'तो आला, ती आली' यात ते कर्त्यामागे जाते. हा भेद तीन वर्षांचे मूल कुणी न शिकवता पाळू लागते. 'घोडा' असताना 'घोड्यावर' आणि 'पाणी' असताना 'पाण्यात' म्हणणे, बोलणाऱ्यासह ऐकणारा येणार असेल तर 'आपण' आणि नसेल तर 'आम्ही' म्हणणे, 'तू आला असतास तर' अशी न घडलेल्या गोष्टीची रचना करणे, ही मराठीतील प्रगतीची खरी चिन्हे आहेत. 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणणारे मूल चुकते असे आपण समजतो; वास्तविक नियम हाती लागल्यामुळेच ते असे बोलते. घरात मराठी, इमारतीच्या आवारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा तिहेरी व्यवहारातील मुलाचे शब्द एकाच भाषेत मोजले तर ते नेहमीच कमी भरतात. द्विभाषिक मुलांच्या दोन्ही भाषांतील शब्द एकत्र धरल्यास ती एकभाषिक मुलांच्या बरोबरीने असतात, असे १९९०च्या दशकातील अभ्यासांनी दाखवले आहे.

लवकर बोलणे आणि लवकर वाचणे यांची जुनी जोडीही त्याच सुमारास सैल झाली. विसाव्या महिन्यात खूप पुढे असलेली मुले साडेचार वर्षांच्या वयापर्यंत वाचायला लागलेली असतीलच असे नाही, हे १९९२ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. दुसऱ्या बाजूला, अर्थ फारसा न कळता तिसऱ्या वर्षी दुकानांच्या पाट्या आणि लोकलमधील स्थानकांची नावे धडाधड वाचणाऱ्या मुलांसाठी १९६७ पासून 'हायपरलेक्सिया' ही संज्ञा आहे. अशी काही मुले पुढे सर्वसामान्य वाचक होतात, तर काहींमध्ये असे वाचन स्वमग्नतेसोबत (ऑटिझम) आढळते, म्हणून नुसत्या वाचनाचे कौतुक करून थांबणे धोक्याचे असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एकसंध पायाभूत टप्पा मानला आणि किमान पाचवीपर्यंत शक्यतो घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले. राज्यात एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करण्याचा निर्णय झाला, १७ जूनला त्यात बदल झाला आणि तीव्र विरोधानंतर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. 'लहान मुले भाषा पटकन उचलतात' हे समर्थकांचे वाक्य त्या वादात वारंवार ऐकू आले. मुले ऐकलेली आणि वापरलेली भाषा उचलतात हे खरे आहे, परंतु आठवड्यातील मोजक्या तासिकांना ते लागू होत नाही. सहा वर्षांच्या मराठी मुलाची मराठी कुठवर पोहोचलेली असते, त्याला किती गुंतागुंतीची वाक्ये कळतात आणि त्यात जन्ममहिन्याचा वाटा किती असतो, हे प्रश्न त्या दोन-अडीच महिन्यांच्या वादात ठळकपणे पुढे आले नाहीत.