खड्याभोवतीची नक्षीदार पट्टी कुठून आली?

खडा बसवायची फार जुनी रीत म्हणजे त्याच्याभोवती धातूच्या पट्टीची पातळ भिंत उभी करायची आणि तिची कड आत दाबायची. इ.स.पू. १३२३ च्या सुमारास पुरलेल्या तुतनखामुनच्या दागिन्यांतले निळे-तांबडे तुकडे सोन्याच्या पट्ट्यांनी आखलेल्या घरांत बसले आहेत.

आपल्याकडे कुंदनकामाने वेगळी वाट धरली. घरात लाख भरायची, तिच्यावर खडा टेकवायचा आणि भोवती अतिशुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या दाबत जायचं. इतकं शुद्ध सोनं नुसत्या दाबानं एकजीव होतं. खड्याला आच लागतच नाही. दागिन्यांच्या इतिहासातली इतकी देखणी युक्ती मला तरी दुसरी माहीत नाही.

नक्षी सुरुवातीला वेगळ्या तारेच्या रूपात आली. ग्रीक आणि इट्रुस्कन (प्राचीन इटलीतले) सोनार मण्यामण्यांची तार डाखून कामाला कड देत, त्यात भिंतीच्या पायथ्याचा सांधाही झाकता येई. कंगोऱ्यांचाही नुसता शोभेपलीकडे उपयोग आहे: कड कंगोरेदार असली की वळवायला धातू कमी उरतो आणि ती सुरकुतत नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमसारख्या ठिकाणी पोलादी ठशांनी दाबलेली तयार नक्षीदार पट्टी सर्रास वापरात आली. हिऱ्याला मात्र उजेड हवा असतो. १८८६ मध्ये टिफनी या अमेरिकन जवाहिऱ्यांनी हिरा सहा नखांनी उचलून धरणारी अंगठी आणली आणि हिरा भिंतीबाहेर पडला. अकीक, पोवळं, फिरोजा यांसारखे घुमटाकार खडे पट्टीतच राहिले. खंबातचा अकीक तर मुंबई बंदरातूनच परदेशी जाई.

मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. कला शाळा निघाली आणि १८९१ मध्ये तिथे रे आर्ट वर्कशॉप्स ही कलाकुसरीची कार्यशाळा सुरू झाली. पण झवेरी बाजाराभोवतीच्या सोनारांना खरा हादरा बसला तो १९६३ मध्ये, जेव्हा १४ कॅरेटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. बावीस कॅरेटची मऊ कड वळवणाऱ्या हातांपुढे अचानक ताठर धातू आला. अनेकांचा धंदाच बसला. ती अट पुढे उठली, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत टिकला.

आज हातानं दागिने करणारे बहुतेक जण ९९९ चांदीची (हजारात ९९९ भाग शुद्ध) पट्टी पसंत करतात. ९२५ चांदीतल्या तांब्यामुळे ती कडक होते आणि तापवल्यावर काळवंडते. पट्टी यंत्रातून आली म्हणून काम हाताचं राहत नाही, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. साधी पट्टी हवी तिथे कापता येते. नक्षीदार पट्टीत कंगोरा अर्धा तुटला की सांधा लगेच डोळ्यांत भरतो. म्हणून पट्टी पूर्ण कंगोऱ्यांवरच कापायची, थोडी आखूड पडली तर सळईवर ठोकून ताणायची, आणि सांध्याला कडक, म्हणजे जास्त आचेवर वितळणारा, डाख द्यायचा. तळपत्र्यावर बसवताना कमी आचेवर वितळणारा डाख वापरायचा, म्हणजे दुसऱ्यांदा तापवताना पहिला सांधा सुटत नाही.